‘सेव्ह’ करताना काय फेकलंत, तेवढं सांगा

चित्रं उघडणारी, बदलणारी आणि साठवणारी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

मी गेली बावीस वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईची पानं संगणकावर जुळवण्याचं काम, करते. पुस्तकं, स्मरणिका, वार्षिक अहवाल. मजकूर निदान एका ठिकाणाहून येतो; फोटो मात्र कुठूनही आणि कशाही अवस्थेत येतात. कुणी फोनमधले पाठवतं, कुणी स्कॅन करून, कुणी वर्डच्या फाइलीत चिकटवून, तर कुणी स्क्रीनवरच्या फोटोचाच फोटो काढून. या सगळ्यांना एका फॉरमॅटमध्ये आणून रांगेत उभं करण्यात माझा अर्धा दिवस जातो. म्हणजे तुमच्या हातच्या सॉफ्टवेअरशी माझा रोजचा संसार आहे, आणि संसारात साठतं तसं बरंच साठलं आहे.

आधी घडलेली एक गोष्ट सांगते. एका स्मरणिकेसाठी लोकांनी घरातले जुने कृष्णधवल फोटो दिले होते. मी ते ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले, काहीही न गमावणाऱ्या टिफ फॉरमॅटमध्ये ठेवले आणि मूळ फोटो ज्याचे त्याला परत केले. दोनशे अकरा फाइली झाल्या. संपादकांना नुसतं बघायला पाठवायचं होतं, म्हणून एका बॅच प्रोग्रॅमला सांगितलं की सगळे १००० पिक्सेल रुंद कर. काम दोन मिनिटांत झालं, ‘पूर्ण’ अशी हिरवी अक्षरंही आली. लहान केलेले फोटो शोधायला गेले, तर नवं फोल्डर कुठेच नाही. प्रोग्रॅमने मूळ फाइलींवरच लिहिलं होतं. आधीच्या कुठल्याशा कामात ‘त्याच जागी साठवा’ या चौकटीत मी टिक केली असणार, ती त्याने इमानाने लक्षात ठेवली होती. सात इंच रुंदीचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की ४२०० पिक्सेल रुंद होतो. तो १००० वर आणला की दर सतरा पिक्सेलांमागे जेमतेम एक उरतो. बॅकअप नव्हता, हा गुन्हा सर्वस्वी माझा. पण दोनशे अकरा फाइली अशा पुसताना त्या प्रोग्रॅमने मला एका शब्दाने विचारलं नाही. बंद करताना मात्र विचारलं, ‘नक्की बाहेर पडायचं आहे का?’

इमेजमॅजिक या टंकलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या चित्रांच्या प्रोग्रॅमची ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञाही मूळ फाइलीवरच लिहिते, पण तिच्या माहितीपानावर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. कळा दाबून काम करणारा माणूस निदान ते वाचून उतरतो. (त्याच इमेजमॅजिकची जुनी ‘कन्व्हर्ट’ आज्ञा विंडोजवर नुसती टंकली, तर गाठ पडते विंडोजच्या स्वतःच्या, डिस्कची फाइल सिस्टिम बदलणाऱ्या, तिच्याच नावाच्या आज्ञेशी. नावं ठेवताना जरा इकडेतिकडे बघत जा.) माउसने काम करणाऱ्याला माहितीपान नसतं. त्याच्यासमोर असते एक चौकट आणि त्यात ‘ओके’.

फॉरमॅट इतके का, असं मी विचारणार नाही. प्रत्येकाच्या जन्माला कारण आहे. १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेने जीआयएफ आणला तेव्हा २५६ रंग ही चैन होती. पुढे त्यातल्या एलझेडडब्ल्यू या फाइल आवळून लहान करण्याच्या पद्धतीचं पेटंट युनिसिस कंपनीकडे आहे आणि ते पैसे मागणार, हे १९९४च्या शेवटी जाहीर झालं. त्या रागातून काही मंडळी एकत्र आली आणि १९९६ साली पीएनजी तयार झाला. रागातून इतकी नीटनेटकी गोष्ट निघाल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही. टिफ १९८६चा, स्कॅनरच्या गरजेतून आलेला. जेपीईजी १९९२चा, फोटोंसाठी. मला अडचण या गर्दीची नाही. एका घरातून दुसऱ्या घरात सामान हलवताना वाटेत काय टाकून दिलं, हे हमालाने सांगायला नको का?

जेपीईजीपासूनच सुरू करू. चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात सावकाश बदलणारा भाग आणि झपाट्याने बदलणारा भाग वेगळा करायचा, आणि डोळ्याला सहसा न जाणवणाऱ्या बारकाव्यांचे आकडे मोठ्या संख्येने भागून जवळच्या पूर्णांकावर आणायचे. यातलं वेगळं करण्याचं गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलं. युक्ती इतकी सुंदर की माझ्यासारखीलाही ती कागदावर करून बघावीशी वाटली. पण पूर्णांकावर आणताना जे सुटतं ते कायमचं सुटतं. आकाश, चेहरा, झाडी यांत ते खपून जातं. अक्षरं, नकाशे, रेषांची चित्रं यांत खपत नाही. कडेकडेने भुरकट कण दिसायला लागतात आणि मग लोक म्हणतात, ‘फोटो फाटतोय’.

आता तुमची चौकट बघा. ‘क्वालिटी’ नावाची एक पट्टी असते. एका सॉफ्टवेअरमध्ये ती ० ते १२, दुसऱ्यात १ ते १००. लोकांना वाटतं ९० म्हणजे नव्वद टक्के चित्र शिल्लक. ते कशाचेच टक्के नाहीत, आणि एकाचे ९० दुसऱ्याच्या ९० शी जुळतीलच असं नाही. शिवाय पट्टी जराशी खाली ओढली की काही सॉफ्टवेअर गुपचूप रंगांची माहिती आडवी-उभी अर्धी करतात, म्हणजे रंगाचे नमुने एक चतुर्थांशच उरतात. फोटोत ते कळत नाही. काळ्यावर तांबडी अक्षरं असलेलं मुखपृष्ठ आलं की कळतं. अक्षरांना लालसर घाम फुटल्यासारखं होतं. हा पर्याय कुठे असला तर ‘ॲडव्हान्स्ड’च्या आत ‘४:२:०’ अशा सांकेतिक लिपीत असतो. ‘रंगांचे बारकावे कमी होतील’ एवढं लिहायला किती जागा लागते?

लोकांत याबद्दल दोन उलट्या अंधश्रद्धा आहेत, आणि त्यांना तुमचं मौन कारण आहे. पहिली अशी की जेपीईजी नुसता उघडला, कॉपी केला तरी झिजतो. झिजत नाही, उघडून पुन्हा साठवला तरच झिजतो, आणि त्यातही मधून कापून चौकोनांची जागा सरकली की जास्त. दुसरी अंधश्रद्धा महागडी आहे. फाटलेला जेपीईजी ‘सेव्ह ॲज’ करून पीएनजी केला की तो सुधारतो, असा समज. माझ्याकडे महिन्यातून चार वेळा अशी फाइल येते. आकार पाचपट फुगलेला, आणि आतला प्रत्येक डाग आता अतिशय काटेकोरपणे जपलेला. पाठवणाऱ्याला मी काय बोलू? त्याने ‘क्वालिटी चांगली म्हणून पीएनजी’ असं कुठेतरी ऐकलेलं असतं आणि तुमच्या चौकटीने त्याला अडवलेलं नसतं.

मग लोगो. कुणीतरी पारदर्शक पार्श्वभूमीचा छान लोगो पाठवतं, मधल्या कुणीतरी तो जेपीईजी केलेला असतो, आणि माझ्याकडे येतो काळ्या ठोकळ्यात. जेपीईजीत पारदर्शकतेला जागाच नाही. न दिसणाऱ्या पिक्सेलांखाली बहुतेक वेळा शून्य, शून्य, शून्य असा रंग दडलेला असतो, आणि काही प्रोग्रॅम वरचा पारदर्शकतेचा थर काढून टाकून मोकळे होतात. काही सभ्य प्रोग्रॅम पांढरा भरतात. विचारणारे फार थोडे.

फाइलीच्या नावाबद्दलही बोलायला हवं. विंडोज ओळखीच्या फाइलींचा शेपटाचा भाग, म्हणजे ते ‘.जेपीजी’, मुळातल्या रचनेत लपवून ठेवते. ज्याला तो दिसतो त्याला वाटतं की नाव बदललं की फॉरमॅट बदलला. ‘फॉर्मला जेपीजी हवा होता, म्हणून मी नाव बदलून जेपीजी केलं’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता हसूही येत नाही. आत वेबपी हा वेबसाठीचा दुसराच फॉरमॅट, वर जेपीजी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आणि गंमत अशी की सॉफ्टवेअरला सगळं कळत असतं. जेपीईजीचे पहिले दोन आकडे २५५ आणि २१६, बीएमपी ‘बी’ आणि ‘एम’ या अक्षरांनी सुरू होतो, टिफमध्ये सुरुवातीलाच ४२ हा आकडा बसलेला असतो. पीएनजीवाल्यांनी तर पहिल्या आठ बाइट्समध्येच पहारेकरी बसवले. पहिला आकडा १३७, म्हणजे प्रत्येक बाइटमधला आठवा बिट खाणाऱ्या वाटेने फाइल गेली तर तिथेच पकडली जावी. पुढे ओळ संपवण्याच्या खुणा दोन्ही प्रकारे, म्हणजे वाटेत कुणी मजकूर समजून त्यांत ढवळाढवळ केली तर तेही उघड व्हावं. आपलं काय बिघडलं ते फाइलीने स्वतः सांगावं, हा विचार तुमच्याच बिरादरीतल्या लोकांनी तीस वर्षांपूर्वी केला होता. आजही बहुतेक प्रोग्रॅम आतला वेबपी ओळखून मुकाट्याने उघडतात, किंवा ‘फाइल खराब आहे’ असं खोटं सांगतात. इरफानव्ह्यू मात्र सांगतो की शेपूट चुकीचं आहे, बदलून देऊ का? इरफान स्किल्यान यांनी १९९६ साली आणलेला तो छोटा प्रोग्रॅम दिसायला अजून त्याच काळातला आहे. मला त्याचं रूप खटकत नाही. तो खरं बोलतो.

फोनचा प्रश्न वेगळा. २०१७ पासून आयफोन फोटो एचईआयसीमध्ये ठेवायला लागले. फॉरमॅट वाईट नाही. तेवढ्याच दर्जाचा फोटो जेपीईजीच्या साधारण निम्म्या जागेत मावतो, आणि फोटोशेजारी अंतराचा नकाशाही ठेवता येतो. पण त्यातल्या एचईव्हीसी या आवळण्याच्या तंत्रावर पेटंटांचं जाळं आहे, त्यामुळे सगळीकडे तो सरसकट उघडत नाही. मग माणूस काय करतो? शोधतो, पहिली दिसेल त्या कन्व्हर्टरच्या साइटवर फोटो चढवतो, जेपीजी उतरवून घेतो. तो फोटो मुलाचा असतो, ओळखपत्राचा असतो, दवाखान्याच्या कागदाचा असतो. समोरच्या डेस्कवरच्या संगणकात हे काम सेकंदभरात करण्याची ताकद असताना फोटो अनोळखी सर्व्हरवर जाऊन येतो. सुरक्षिततेबद्दल तुम्ही एवढं बोलता, तर ही गळती आधी बुजवा. मॅकच्या फाइंडरमध्ये उजव्या क्लिकवर ‘कन्व्हर्ट इमेज’ आहे, आणि त्यात ‘मेटाडेटा’, म्हणजे फोटोसोबत फाइलीत लिहिलेल्या नोंदी, राखायचा का, असंही विचारलेलं आहे. म्हणजे हे जमतं.

तो मेटाडेटा हा तर स्वतंत्र तमाशा आहे. आडवा-उभा फोन धरून काढलेला फोटो कॅमेरा बहुधा फिरवत नाही. फक्त १ ते ८ मधला एक आकडा लिहून ठेवतो. ६ लिहिलं असेल तर दाखवताना घड्याळाच्या दिशेने काटकोनात फिरव. आता रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने आकडा टाकून दिला की माणसं आडवी झोपतात. पिक्सेलही फिरवले आणि आकडाही तसाच ठेवला, की दोनदा फिरून उलटीपालटी होतात. एका कार्यक्रमाच्या फोटोंत मला व्यासपीठावरचे सगळे मान्यवर कुशीवर झोपलेले मिळाले होते. ते हसून सोडता आलं. पण काही प्रोग्रॅम फोटो काढल्याची तारीख पुसतात, जी मला हवी असते, आणि तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश शाबूत ठेवतात, जे कुणाला कळायला नकोत. नेमकं उलटं व्हायला हवं होतं. निदान काय ठेवलं आणि काय काढलं याची यादी द्या.

रंगांची ओळखचिठ्ठी, म्हणजे प्रोफाइल, अशीच हरवते. फोटो विस्तृत रंगपट्ट्यातला असतो, चिठ्ठी काढून टाकली की पुढचा प्रोग्रॅम त्याला एसआरजीबी या नेहमीच्या, लहान रंगपट्ट्यातला समजतो आणि रंग मळकट दिसतात. फोटो काढणारा मला विचारतो, ‘तुम्ही काय केलंत?’ मी काहीच केलेलं नसतं. मधल्या कुणीतरी ‘वेबसाठी साठवा’ दाबलेलं असतं.

डीपीआयचं रडगाणं थोडक्यात गाते. ‘३०० डीपीआयचा फोटो पाठवा’ असं आम्हीच सांगतो, म्हणून चूक आमच्याकडेही आहे. लोक ६०० पिक्सेल रुंदीचा फोटो उघडून त्या रकान्यात ३०० लिहितात आणि पाठवतात. तो ३०० ला छापला तर दोन इंच रुंद येतो, पाच सेंटिमीटर. आकडा लिहिल्याने पिक्सेल उगवत नाहीत. पण तुमच्या काही सॉफ्टवेअरमध्ये तोच आकडा बदलला की शेजारच्या एका चौकटीतल्या टिकेमुळे पिक्सेल खरंच उगवतात, अंदाजपंचे रंगवलेले. एकाच रकान्यात एकदा नुसती नोंद बदलते आणि एकदा चित्र बदलतं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

आता मागणं. मी पॉपअप मागत नाही. दर वेळी इशारा आला की माणूस न वाचता ओके दाबतो, मीही दाबते. साठवण्याच्या चौकटीतच, फाइलीच्या नावाखाली, एक ओळ हवी: हे रूपांतर उलटवता येईल की नाही, आणि येणार नसेल तर काय जाईल. बीएमपीचा पीएनजी: ‘काहीही जाणार नाही.’ १६ बिटांच्या टिफचा जेपीईजी: ‘रंगांच्या छटा ८ बिटांवर येतील, थर एक होतील, बारकावे कायमचे जातील.’ पारदर्शक पीएनजीचा जेपीईजी: ‘पारदर्शकता जाईल, तिथे हा रंग येईल’, आणि शेजारी रंग निवडायचा चौकोन. ही माहिती तुमच्या प्रोग्रॅमकडे त्या क्षणी असतेच. तोच तर ती फेकत असतो.

उलटवता येणं ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. २०२२ साली प्रमाण झालेला जेपीईजी एक्सएल जुना जेपीईजी पोटात घेऊन त्याची जागा साधारण पाचव्या हिश्शाने कमी करतो आणि मागाल तेव्हा तीच फाइल बाइटन्‌बाइट परत देतो. जेपीईजी न झिजवता काटकोनात फिरवताही येतो, बाजू ८ किंवा १६ ने भाग जाणाऱ्या असतील तर. ही सोय कित्येक वर्षं आहे, पण ‘फिरवा’ या बटणामागे तुम्ही तीच वापरता की चित्र पुन्हा आवळता, हे बटणावर लिहिलेलं नसतं.

दुसरं मागणं मूळ फाइलीबद्दल. २०१२ साली गिंप या चित्रं बदलण्याच्या मोफत प्रोग्रॅमने २.८ आवृत्तीत ‘सेव्ह’ आणि ‘एक्स्पोर्ट’ वेगळे केले. ‘सेव्ह’ म्हटलं की फक्त त्यांचा स्वतःचा एक्ससीएफ, ज्यात सगळं शाबूत राहतं; जेपीईजी, पीएनजी हवं तर एक्स्पोर्ट. लोक भयंकर चिडले. मीही चिडले होते, साध्या जेपीजीसाठी हे कसलं सोवळं-ओवळं, असं म्हणाले होते. त्या दोनशे अकरा फाइलींनंतर माझं मत फिरलं. ठेवणं आणि धाडणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि दोन्हींना एकच शब्द वापरला तर कधीतरी कुणाचं तरी मूळ जाणारच. बॅच प्रोग्रॅमने तर स्वतःहून नवं फोल्डर करावं, आणि मूळ फाइलींवर लिहायचंच असेल तर ती टिक दर वेळी नव्याने मागावी. ही एक गोष्ट मुद्दाम विसरायला शिकवा त्याला.

स्मरणिका निघाली. दोनशे अकरापैकी साठेक फोटो पुन्हा मागून स्कॅन करता आले. बाकीच्यांची घरं बदलली होती, काही जण फोटो घेऊन दूर गेले होते, एका आजींनी ‘एकदा दिला होता ना’ म्हणून पुन्हा द्यायला नकार दिला. त्यांचा फोटो पान ४७ वर आहे. १००० पिक्सेलांत जेवढा मावला तेवढा, साडेआठ सेंटिमीटर रुंद. मूळ आराखड्यात तो पूर्ण पानभर होता.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक डीटीपी करणारी